आडोल्फ हेल्त्सेल : शैली सोडून सगळं शिकवणारा चित्रकार

एमिल नोल्डची आतून पेटल्यासारखी दिसणारी फुलं. ऑस्कर श्लेमरच्या कातीव, गुळगुळीत, पुतळ्यासारख्या निश्चल आकृत्या. विली बाउमायस्टरची गुहाचित्रांची आठवण करून देणारी चिन्हं. ईडा केर्कोवियसची विणलेली भित्तिवस्त्रं. योहानेस इटेनचं बारा भागांचं रंगचक्र, जे आज कलाशाळेच्या पहिल्या वर्षाच्या वहीत हमखास असतं. ही सगळी कामं शेजारीशेजारी ठेवली तर त्यांत कुठलाच घरगुती सारखेपणा दिसत नाही. पण हे पाचही जण एकाच माणसाच्या हाताखालून किंवा त्याच्या शिकवणीतून गेले आहेत. तो माणूस म्हणजे आडोल्फ हेल्त्सेल.

चित्रकलेच्या इतिहासात त्याचं नाव बहुधा एका वाक्यात येतं: 'कान्डिन्स्कीच्या आधी अमूर्ताच्या जवळ पोचलेला जर्मन चित्रकार'. ते वाक्य चुकीचं नाही, पण त्यानं त्याचं खरं काम झाकलं जातं. त्याचं खरं काम शिकवण्याचं होतं. विद्यार्थ्याच्या हातात आपली शैली न देता चित्राची साधनं कशी द्यायची, याचा त्यानं जवळजवळ 40 वर्षं पाठपुरावा केला. ती साधनं आजही कागदावर करून बघता येतात, म्हणून इथे त्याच्या चरित्रापेक्षा त्याच्या सरावांवर जास्त लिहितो आहे.

जन्म 13 मे 1853, ओल्म्युत्स इथे. हे मोराव्हियातलं गाव तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं, आज ते चेक प्रजासत्ताकात ओलोमोउत्स म्हणून आहे. वडील पुस्तकांचे प्रकाशक. मुलानं छपाईच्या धंद्यात यावं म्हणून त्याला गोथाच्या प्रसिद्ध नकाशा-प्रकाशनगृहात उमेदवारीला पाठवलं. नकाशावर डोंगर, नदी, वस्ती यांना वेगवेगळी रेघ आणि वेगवेगळा भरणा असतो, आणि प्रत्येक खुणेला जागेचा हिशेब असतो. पुढे त्यानं चित्राकडे ज्या नजरेनं पाहिलं तिचं मूळ मला या उमेदवारीत दिसतं. नंतर व्हिएन्नाची अकादमी, 1876 पासून म्युनिकची अकादमी, तिथे विल्हेल्म डीत्स यांचा वर्ग. डीत्स यांच्याकडे बारीक ब्रशनं शेतकऱ्यांच्या घरातले प्रसंग रंगवायची तालीम मिळायची. हेल्त्सेलला ते उत्तम जमत होतं. पण 1887 साली पॅरिसला जाऊन त्यानं इम्प्रेशनिस्टांची चित्रं पाहिली, आणि पुढच्याच वर्षी तो म्युनिक सोडून दाखाऊला राहायला गेला.

दाखाऊ म्हटलं की आज छळछावणीच आठवते. ती मार्च 1933 मध्ये सुरू झाली. त्याच्या आधीची कित्येक दशकं या गावाचं नाव चित्रकारांची वस्ती म्हणून घेतलं जायचं. म्युनिकपासून सुमारे 20 किलोमीटरवर, आम्पर नदीच्या वर टेकडीवर गाव, आणि खाली मैलोन्‌मैल सपाट दलदल. जमिनीत पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची काळी माती, चर काढून ठेवलेले, काठाला बर्चची झाडं. हवा दमट असल्यामुळे लांबचा तपशील पुसला जातो आणि उरतात ते मोठे पट्टे: काळपट जमीन, राखाडी झाडी, उजळ आकाश. हेल्त्सेल, लुडविग डिल आणि आर्थर लांगहामर या तिघांनी याच दृश्यातून आपली रीत घडवली. तिला 'नवं दाखाऊ' असं नाव पडलं.

1891 मध्ये त्यानं तिथे स्वतःची चित्रशाळा काढली. 1899 साली एमिल हान्सेन नावाचा एक विद्यार्थी काही काळ तिथे होता. त्यानंच पुढे नोल्ड हे नाव घेतलं. हेल्त्सेल याच काळात म्युनिकच्या (1892) आणि व्हिएन्नाच्या (1897) सेसेशनच्या, म्हणजे प्रस्थापित कलासंस्थांपासून फुटून निघालेल्या चित्रकारांच्या गटांच्या, स्थापनेत होता, आणि 1901 मध्ये व्हिएन्ना सेसेशनच्या 'व्हेर साक्रुम' या मासिकात त्यानं आकार आणि चित्रातल्या वस्तुमानांची वाटणी यावर लेख लिहिला. त्याच्या शिकवण्याचा पाया त्या लेखात आहे.

त्यातला मुख्य विचार असा की चित्र म्हणजे आधी काही थोड्या उजळ-गडद डागांची मांडणी, झाडं आणि माणसं त्यानंतर. हा सराव करायला एक पेन्सिल आणि बोटभर जागा पुरते. कागदावर साधारण 5 बाय 7 सेंटिमीटरच्या सहा चौकटी आखायच्या. समोरच्या दृश्याकडे डोळे इतके बारीक करून बघायचं की पापण्यांच्या फटीतून तपशील जाईल आणि डाग उरतील. मग प्रत्येक चौकटीत फक्त तीन पायऱ्या: कोरा कागद म्हणजे उजळ, एकसारखी आडवी रेघोटी म्हणजे मधला, आणि गच्च भरलेला म्हणजे गडद. एका चौकटीला पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ द्यायचा नाही. बाह्यरेषा काढून आत भरायचं नाही, थेट डागच ठेवायचा. सहाही चौकटींत दृश्य तेच, पण वाटणी वेगळी: एकीत गडदाला निम्म्याहून जास्त जागा, एकीत उजळाला, एकीत मधल्याला.

यात तीन चुका हमखास होतात. पहिली, तिन्हींना सारखी जागा मिळते, आणि मग नजर कुठेच थांबत नाही. एकाला राजा करावंच लागतं. दुसरी, मधल्या छटेच्या चार-पाच छटा होतात, कारण हात सवयीनं घोटत जातो. मधली छटा एकच ठेवायची ही अट मोडली की सरावाचा उपयोग संपला. तिसरी चूक जास्त लपलेली असते: डाग वस्तूच्या कडेला थांबतो. गडद झाडाची सावली गडद जमिनीला लागून असेल तर तिथे रेघ नकोच, दोन्हींचा मिळून एकच डाग व्हायला हवा. दाखाऊच्या धुक्यात हे निसर्गच करून दाखवत होता. स्वच्छ उन्हात ते आपल्याला करावं लागतं.

रेषेच्या बाबतीत तो याहून कडक होता. रोज हजार रेघा, असा त्याचा दंडक सांगितला जातो. दिवसाचं काम सुरू करायच्या आधी कागद घ्यायचा आणि काहीही चितारायचं नाही असं ठरवून रेघा ओढायच्या: वेटोळी, झोके, टोकं, परत फिरणाऱ्या कमानी. 1900 च्या आसपास अशा रेघांतून त्याची 'अलंकरणं' तयार झाली, ज्यांत ओळखीची वस्तू एकही नाही. इथे एक बारकावा समजून घ्यायला हवा. रेघ ओढताना लक्ष रेघेवर नसतं, तिनं वेढलेल्या रिकाम्या जागेवर असतं. वेटोळं स्वतःला छेदून गेलं की आत एक बंद आकार तयार होतो. दुसरी रेघ तिथून गेली की त्याचे दोन होतात. आता कुठला आकार मोठा, कुठला टोकदार, कोण कोणाला टेकतो, हे बघत पुढची रेघ घालायची.

वेगाचा प्रश्न यात महत्त्वाचा आहे. हळू ओढलेली रेघ थरथरते, कारण मनगट दर क्षणाला दुरुस्ती करत असतं. फार जोरात ओढली तर ती प्रत्येक वेळी त्याच ठरावीक कमानीत वळते, कारण सांध्याची सवय पुढे होते. मधला वेग सापडायला कागद मोठा लागतो, निदान ए-थ्री, आणि हात कोपरापासून नव्हे तर खांद्यापासून हलवावा लागतो. मऊ पेन्सिल किंवा कोळसा घ्यावा. बॉलपेननं दाब कळत नाही. दहा मिनिटांत दोनेकशे रेघा होतात. कंटाळा येतो तो साधारण शंभराव्या रेघेला, आणि ठरवून काढलेल्या नक्ष्या संपतात त्याही तिथेच. उपयोगाचं काम त्याच्यानंतर सुरू होतं. मग कागद फिरवून, उलटा करून बघायचं. हेल्त्सेल अशा जाळ्यात पुष्कळदा माणसांचा घोळका शोधायचा: गुडघे टेकलेली बाई, वाकलेलं डोकं, वर गेलेला हात. त्याच्या कितीतरी धार्मिक चित्रांचा जन्म असा रेघेतून विषयाकडे झालेला आहे. विषय आधी आणि रेघ नंतर, हा नेहमीचा क्रम त्यानं उलटा केला.

त्याच्या उत्तरकाळातल्या रेखाटनांत आणखी एक विलक्षण गोष्ट दिसते. चित्राच्या खाली, कागदाच्या तळाशी, दाट हस्ताक्षराच्या ओळीच ओळी. कलेविषयीचे त्याचे विचार तिथे लिहिलेले असतात. पण अक्षरं इतकी घट्ट बसवलेली की लांबून तो एक राखाडी चौथराच वाटतो, आणि वरची आकृती त्याच्यावर उभी राहते. जर्मनमध्ये या भागाला 'अक्षरांचा चौथरा' अशा अर्थाचंच नाव आहे. जवळ जाऊन पाहिलं तर कळतं की ओळींमधली जागा वर सैल आणि खाली घट्ट केली की चौथऱ्याची छटाही खाली गडद होत जाते. मजकूर आणि छटा ही दोन्ही कामं एकाच रेघेकडून करून घेतलेली आहेत.

1905 मध्ये लेओपोल्ड फॉन काल्क्रॉइट यांच्या जागी त्याला स्टुटगार्टच्या अकादमीत बोलावलं. त्याच वर्षीचं 'कोम्पोझिस्योन इन रोट 1', म्हणजे 'लाल रंगातली रचना', हे चित्र आज हानोव्हरच्या श्प्रेंगेल संग्रहालयात आहे. त्यात आकृत्या आहेत, पण डोळा आधी लालाचे पट्टे वाचतो आणि माणसं मागून सापडतात. स्टुटगार्टच्या सहकाऱ्यांना हे झेपणारं नव्हतं. अकादमीत रेखाटन आणि तांत्रिक रंगकाम शिकवणारे वर्ग वेगळे होते. हेल्त्सेलकडे रचनेचा वर्ग आला, आणि त्याच्याभोवती जमलेल्या मुलामुलींमुळे तो वर्ग अकादमीच्या आतली दुसरी अकादमी झाला.

मुली, हे मुद्दाम लिहितो. 1919 पर्यंत जर्मनीतल्या बहुतेक अकादम्यांत स्त्रियांना बरोबरीचा प्रवेश नव्हता. हेल्त्सेलनं त्यांना दाखाऊपासूनच गांभीर्यानं शिकवलं. रीगामध्ये जन्मलेली केर्कोवियस 1903 ला दाखाऊत त्याच्याकडे आली, 1908 ला स्टुटगार्टला पुन्हा त्याच्याकडे आली, आणि 1911 पासून त्याची सहायक म्हणून काम करू लागली. त्याची रंगविद्या पुढच्या पिढीच्या हातात देण्याचं काम तिनं जितकं केलं तितकं क्वचितच कोणी केलं असेल.

विद्यार्थ्यांना भिंती मिळवून द्यायचा त्याचा आग्रह होता. वास्तुविशारद थिओडोर फिशरनं बांधलेल्या फुलिंगेनच्या सभागृहात 1907 मध्ये हान्स ब्र्युलमान, लुई म्वालिए आणि इतर विद्यार्थ्यांनी भित्तिचित्रं केली. फिशरच्याच उल्मच्या चर्चमध्ये हेल्त्सेलनं स्वतः 1910 मध्ये क्रूसावरचा ख्रिस्त रंगवला. 1914 मध्ये वेर्कबुंड या कलाकार-कारखानदारांच्या संघटनेनं कोलोनला भरवलेल्या प्रदर्शनातली भित्तिचित्रं श्लेमर, बाउमायस्टर आणि हेर्मान श्टेनर यांना मिळाली. श्टेनर त्याच वर्षाच्या डिसेंबरात पूर्व आघाडीवर मारला गेला. तेव्हा तो 23 वर्षांचा होता. त्याची थोडी चित्रं उरली आहेत ती पाहिली की या वर्गानं युद्धात काय गमावलं ते कळतं.

आता रंग. कवी गटे, रसायनशास्त्रज्ञ शेव्रल, भौतिकशास्त्रज्ञ बेझोल्ड आणि हेल्महोल्त्स या सगळ्यांचं रंगावरचं लिखाण हेल्त्सेलनं चित्रकाराच्या गरजेनं वाचलं. संगीतात जशी स्वरमेळाची विद्या असते, शिकवता येते, तशी चित्रात का नसावी, हा त्याचा प्रश्न होता. त्याच्या वर्गात रंगचक्र ही पाठ करायची आकृती नव्हती. ते स्वतः घोटून बनवायचं असे.

बारा भागांचं चक्र करायचं असेल तर 30-30 अंशांचे बारा भाग पाडा. पिवळा, लाल, निळा एकमेकांपासून 120 अंशांवर ठेवा. अपारदर्शक जलरंग किंवा पोस्टर कलर सगळ्यांत सोयीचे, कारण ते सपाट बसतात. आधी हे तीन भरा, मग त्यांच्या मधोमध नारिंगी, हिरवा, जांभळा, आणि शेवटी उरलेले सहा. मिश्रण करताना नेहमी फिकट रंगात गडद रंग घालायचा. पिवळ्याच्या वाटाण्याएवढ्या गोळ्यात लालाचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका नारिंगीकडे न्यायला पुरतो. उलट केलं, म्हणजे लालात पिवळा घालत बसलं, तर अर्धी ट्यूब संपते आणि रंग लालच राहतो.

सगळ्यांचं घोडं अडतं ते जांभळ्यावर. लाल आणि निळा मिसळला की सुंदर जांभळा होईल अशी अपेक्षा असते, आणि हातात येतो गढूळ तपकिरी. कारण सरळ आहे. बाजारातला नेहमीचा लाल, म्हणजे शेंदरी वळणाचा, स्वतःतच थोडा पिवळा घेऊन आलेला असतो. निळा जर प्रशियनसारखा हिरवट असेल तर त्यातही पिवळ्याची बाजू आलीच. म्हणजे दोन रंग मिसळताना नकळत तिसराही मिसळला, आणि तिन्ही एकत्र आले की राखाडी-तपकिरीच होणार. म्हणून जांभळ्यासाठी किरमिजी वळणाचा लाल आणि अल्ट्रामरीन घ्यावा. हेल्त्सेलच्या काळात त्यासाठी अॅलिझरिनचा किरमिजी होता. आजचा क्विनाक्रिडोनचा मजेंटा त्याहून स्वच्छ जांभळा देतो आणि उजेडात टिकतोही. हिरव्यासाठी मात्र अल्ट्रामरीन नको, तिथे हिरवट निळाच हवा. थोडक्यात तीन मूळ रंगांसाठी निदान पाच ट्यूब लागतात. आणि जांभळा जवळजवळ काळा दिसला तर तो चुकला असं नाही. त्याचा ठिपकाभर बाजूला काढून पांढऱ्यात मिसळून बघा, वळण कळेल. पण चक्रात पांढरा घालू नका, नाहीतर तो एकटाच दुधट होऊन शेजाऱ्यांपासून तुटतो.

चक्र झाल्यावर समोरासमोरच्या जोड्या मिसळून बघा. करडा आला तर जोडी बरोबर. इथे एक जुना घोटाळा आहे. रंगद्रव्यं मिसळून पिवळ्याच्या समोर जांभळा येतो. पण फिरत्या चकतीवर पिवळा आणि निळा योग्य प्रमाणात फिरवले तर करडा दिसतो, कारण तिथे डोळ्यात उजेड मिसळतो, रंगद्रव्य नाही. पिवळ्याकडे एकटक बघून पांढऱ्या कागदाकडे नजर वळवली की दिसणारी प्रतिमाही निळ्या बाजूकडे झुकलेली जांभळी असते. म्हणजे पूरक जोड्या एकाच पद्धतीच्या नाहीत. गटे एकीकडे, बेझोल्ड दुसरीकडे. हेल्त्सेल दोघांनाही वापरत राहिला आणि त्याच्या परिभाषेत त्यामुळे गोंधळही राहिला. 1919 मध्ये स्टुटगार्टला वेर्कबुंडच्या अधिवेशनात रंगावर खास दिवस ठेवला होता, तिथे त्याची बाजू आणि रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्डची मोजमापाची बाजू आमनेसामने आली. ओस्टवाल्डला रंग मोजून क्रमांक द्यायचे होते, हेल्त्सेलला तो शेजाऱ्यासकट बघायचा होता. चित्र काढणाऱ्याच्या कामाची बाजू हेल्त्सेलचीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. क्रमांक एकट्या रंगाला देता येतो, पण चित्रात एकटा रंग कधी नसतोच.

हे पटवून घ्यायला एक सराव पुरतो. 10 सेंटिमीटरचे सहा चौकोन, प्रत्येक वेगळ्या भडक रंगाचा. मधे 2 सेंटिमीटरचा करडा चौकोन, सहाही ठिकाणी एकाच वाटीतला. लालावर तो हिरवट दिसेल, हिरव्यावर लालसर, नारिंगीवर निळसर. न दिसला तर कारण बहुधा हे असतं: करडा पार्श्वभूमीपेक्षा फार उजळ किंवा फार गडद आहे. उजेडातला फरक मोठा असला की डोळा त्यालाच पकडतो आणि रंगाचा फरक मागे पडतो. करड्याची उजळता त्या त्या रंगाच्या जवळ हवी, म्हणजे खरं तर सहा रंगांना सहा करडे लागतात, आणि एकाच वाटीतल्या करड्यानं परिणाम एक-दोन ठिकाणीच ठसठशीत येतो. तपासायला मोबाईलवर फोटो काढून तो कृष्णधवल करा. मधला चौकोन जवळजवळ नाहीसा झाला तर उजळता जुळली. दुसरं कारण करड्याचं वळण: नुसत्या काळ्या-पांढऱ्याचा करडा बहुधा निळसर असतो, त्यात मातकट पिवळ्याचा कण घालून तो तटस्थ करावा. आणि एवढं करूनही शंका राहिली तर सगळ्यावर पातळ टिश्यू पेपर ठेवा. कडा मऊ होतात, पार्श्वभूमीचा रंग फिका पडतो, तरी मधल्या करड्यावरचा रंग उलट जास्त स्पष्ट होतो. पहिल्यांदा बघणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

रंगांमधले विरोध नावानिशी वेगळे करून एकेकावर सराव घेण्याची त्याची पद्धत होती: उजळ-गडद, उष्ण-शीत, पूरक, तेजस्वी-मलूल, थोडा-फार आणि असेच इतर. इटेननं 1961 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या रंगविषयक ग्रंथात सात विरोध मांडले, त्यांची मुळं या वर्गात आहेत. त्यातला 'थोडा-फार', म्हणजे कुठल्या रंगाला किती जागा, हा सर्वांत मोजून करता येण्याजोगा. गटेच्या नावावर सांगितली जाणारी उजेडाची प्रमाणं अशी: पिवळा 9, नारिंगी 8, लाल 6, हिरवा 6, निळा 4, जांभळा 3. तोल साधायचा तर जागा उलट द्यायची: पिवळा 3, नारिंगी 4, लाल 6, हिरवा 6, निळा 8, जांभळा 9. बेरीज 36. म्हणजे सहा बाय सहाची जाळी आखून त्यात बरोबर इतके चौकोन भरता येतात. एकदा तोल साधून भरा, मग दुसऱ्या जाळीत निळ्याचा एक चौकोन काढून तिथे पिवळा घाला. एका चौकोनानं सगळी जाळी कलते.

पण ही प्रमाणं पूर्ण तेजाच्या शुद्ध रंगांनाच लागू आहेत, इटेनही हे सांगतो. पिवळ्यात थोडा करडा घातला की हिशेब बदलला. आणि तोल साधलेली जाळी बहुतेक वेळा निर्जीव असते. कलती ठेवलेली जाळीच चित्र होण्याच्या जास्त जवळ असते. हेल्त्सेल हे जाणून होता. आधी नियमानं करा, मग डोळ्यानं मोडा, अशी त्याची रीत होती. ज्यांनी त्याच्या विद्येतून फक्त तक्ते उचलले त्यांची चित्रं मात्र रंगांच्या दुकानातल्या नमुन्यांसारखी झाली.

जुन्या चित्रकारांची चित्रंही तो अशीच उकलायचा. मोठ्या छापील प्रतीवर ट्रेसिंग पेपर ठेवून एका कागदावर फक्त मुख्य दिशा, दुसऱ्यावर फक्त तीन छटांचे डाग, तिसऱ्यावर रंगांच्या जागा, असं एका वेळी एकच साधन बघितलं की चित्र उलगडतं. एकाच कागदावर सगळं काढलं तर ती फक्त वाईट नक्कल होते.

इटेन 1913 मध्ये हेल्त्सेलसाठी स्टुटगार्टला आला, आणि त्याला प्रत्यक्ष धडे दिले ते केर्कोवियसनं. 1919 ला बाउहाउस ही कलाशाळा सुरू झाली तेव्हा इटेननं तिथला प्राथमिक वर्ग बांधला: विरोधांचे सराव, जुन्या चित्रांची उकल, कामाआधी हात मोकळा करणं. श्लेमरही तिथे शिकवायला गेला. केर्कोवियस, तोवर चाळिशी ओलांडलेली, 1920 मध्ये तिथे विद्यार्थिनी म्हणून दाखल झाली आणि विणकाम शिकली. योसेफ आल्बेर्स इटेनच्या वर्गात बसला, पुढे स्वतः तो वर्ग घेऊ लागला, आणि अमेरिकेत जाऊन आयुष्यभर शेजारी बदलला की रंग बदलतो हेच शिकवत राहिला. दाखाऊपासून तिथपर्यंतची साखळी अशी सलग आहे. हेल्त्सेलनं मात्र आपली विद्या सांगणारा एकही सलग ग्रंथ प्रसिद्ध केला नाही. त्याची शिकवण टिकली ती टिपणांत, लेखांत आणि विद्यार्थ्यांच्या हातांत.

1919 मध्ये तो अकादमीतून निवृत्त झाला. त्याच्या जागी चित्रकार पाउल क्लेला आणावं म्हणून श्लेमर आणि बाउमायस्टर यांनी खटपट केली. अकादमीनं ते मानलं नाही. हेल्त्सेलचं पुढचं आयुष्य स्टुटगार्टच्या डेगेरलोख भागातल्या घरात गेलं, आणि तिथे त्यानं काच आणि पेस्टल या दोन माध्यमांत रंगाला सगळ्यांत मोकळं सोडलं.

काचेचं काम त्याला आधीच मिळालं होतं. पहिल्या महायुद्धाच्या वर्षांत बिस्किटांचा कारखानदार हेर्मान बाल्सेन यानं हानोव्हरला खिडक्या करून घेतल्या, 1928-29 मध्ये स्टुटगार्टच्या नगरभवनाच्या झाल्या, आणि 1932-33 मध्ये हानोव्हरच्याच पेलिकान कंपनीच्या. काचेत उजेड मागून येतो, त्यामुळे कागदावरचे अंदाज चुकतात. निळी काच लांबून पसरते, शेजारच्या लालावर चढते. म्हणून निळ्याच्या भोवती शिशाची पट्टी रुंद ठेवावी लागते किंवा निळ्याचे तुकडे लहान करावे लागतात. शिशाची पट्टी आडव्या छेदात एच आकाराची असते, तिच्या दोन्ही खोबणींत काच बसते, आणि मधल्या कण्याच्या जाडीएवढी, दीड-दोन मिलिमीटर, फट दर दोन तुकड्यांच्या मधे आधीच सोडून काच कापायची. ही फट विसरली तर पन्नास तुकड्यांची खिडकी चौकटीपेक्षा मोठी होते. आतल्या बाजूला टोकदार खाच काचेला कापताच येत नाही, ती तिथून तडकते. तिथे तुकडा दोन भागांत तोडून मधे शिसं घालावं लागतं. म्हणजे रेघ कुठे येणार हे काच ठरवते. रोज हजार रेघांतून बंद आकार शोधणाऱ्या माणसासाठी याहून जुळणारं माध्यम नव्हतं.

पेस्टलमध्येही त्यानं पुष्कळदा गडद रेघांची तशीच जाळी घातली आणि रंग तिच्या आत कोंडले. काळ्या रेघेनं दोन रंग वेगळे झाले की ते एकमेकांना मळवत नाहीत, दोघेही जास्त पेटतात. पेस्टल वापरताना खरखरीत कागद घ्या आणि पहिले दोन थर हलक्या हाताचे ठेवा. कागदाचे दात पहिल्याच थराला भरून गेले तर वरचा रंग धरत नाही, नुसता घसरतो. बोटानं घासणं कमीत कमी, कारण घासलं की भुकटीचे कण दाबले जातात आणि रंगाचा मखमली उजेड जातो. फिक्सेटिव्हनं फिकट रंग गडद होतात. तेव्हा ते मधल्या थरांवरच मारा, आणि शेवटचे उजळ फटकारे त्यानंतर द्या, त्यांच्यावर काही न मारता काचेखाली ठेवा.

17 ऑक्टोबर 1934 ला हेल्त्सेल स्टुटगार्टमध्ये वारला. त्याच्या एखाद्याच चित्रापासून सुरुवात करायची असेल तर ओल्डेनबुर्गच्या राज्य संग्रहालयातलं 1916 चं 'फुगे युबर आइन आउफएरश्टेहुंग्सथेमा' घ्या, म्हणजे पुनरुत्थानाच्या विषयावरचा फ्यूग (एकच सुरावट वेगवेगळ्या आवाजांत परत येत राहते अशी संगीतरचना). आधी डोळे बारीक करून गडद डाग कुठे जमले आहेत ते बघा. मग एकच वाकडी रेघ धरून ती किती ठिकाणी लहान-मोठी होऊन परत येते ते मोजा. आकृती शेवटी शोधा.